सातव्या पायरीवर अडलेला अल्बम

चि. टिपरी हिला,

मावशीचे आशीर्वाद. चौदा वर्षांचे साठलेले आहेत, एकदम घेतेस की थोडे थोडे, ते तुझं तू बघ. तुझी तब्येत कशी आहे, घरच्यांची कशी आहे, दिवसभर लोकांचे कान तपासून तुझे स्वतःचे कान शाबूत आहेत ना, हे सगळं विचारायचं असतं म्हणून विचारलं. (तू ड्रम बडवून अर्ध्या गावाचे कान बिघडवलेस आणि आता त्याच कानांना यंत्रं बसवून देतेस, हे कानावर आलं तेव्हा मला तुझा अभिमान वाटला. धंदा असाच करावा. आधी गिऱ्हाईक तयार करायचं, मग दुकान काढायचं.) माझं म्हणशील तर बरं चाललंय. डोळ्यांना दिसतं, कानांना नको तेवढं ऐकू येतं, दात डॉक्टरच्या ताब्यात आहेत आणि गुडघ्यांनी वेगळी चूल मांडली आहे. मी उठते म्हटलं की ते म्हणतात, तुम्ही व्हा पुढे.

अक्षर ओळखीचं वाटलं असेल. दचकू नकोस, आणि कागद घडी करून पाकिटात परत घालू नकोस. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. बोलते मी, आणि लिहितोय तुझा दादा, माझे एकुलते एक चिरंजीव, वय वर्षे एक्कावन्न. लिहायला बस म्हटलं तर आधी त्याची पाठ दुखायला लागली, मग चष्मा सापडेना, मग पेन चालेना. चष्मा आणि पेन मी शोधून हातात दिलं, पाठीला उशी दिली, तेव्हा म्हणाला, फोनच कर ना आई. म्हटलं, फोनवर मी रडेन की ओरडेन याचा मलाच भरवसा नाही. कागदावर माणूस जरा शहाणं दिसतं. तेव्हा ठरलंय असं की मी बोलेन ते त्याने लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही. पत्र पुरं झालं की समोरच्या नर्सबाई येऊन मला मोठ्याने वाचून दाखवणार आहेत. (काल लिहिलेलं पत्र असंच वाचून घेतलं, तर मी जिथे जिथे 'गाढव' म्हणाले होते तिथे तिथे 'दादा' निघाला. म्हणून हे दुसरं पत्र.)

तर बातमी अशी की तुमची 'उसवलेली खोळ' पुन्हा एकत्र आली आहे. मला ते नाव पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. मी जन्मभर गाद्या शिवल्या, माझ्या खोळीचा एक टाका कधी सुटला नाही, आणि माझ्याच कारखान्यात, माझ्याच गाद्यांच्या थप्पीवर बसून तुम्ही चौघांनी माझ्याच मालाची बदनामी गावभर गायलीत. जागा बाकी चांगली निवडली होतीत. चारी बाजूंनी गाद्या, आवाज बाहेर जात नाही. शेजारीपाजारी अजून माझं नाव चांगलं घेतात ते त्या कापसामुळे. तेव्हा मी विचारलं होतं, तुम्ही कोणत्या कंपनीसाठी गाता? तर चिरंजीव छाती काढून म्हणाले, आम्ही कोणाच्या हाताखाली नाही, आम्ही स्वतंत्र आहोत. म्हणजे कोणी विचारत नाही, एवढं मला समजलं.

पुन्हा एकत्र यायचं खूळ निघालं कुठून, तर डॉक्टरच्या खुर्चीतून. (डॉक्टर म्हणजे आपला तो बारीक तारांऐवजी जाड तारांची गिटार वाजवणारा. तेव्हा शिकत होता, आता दातांचा दवाखाना आहे.) एक पेशंट आला, त्याची दाढ काढायची होती. सुई देऊन गाल बधिर केलेला, तोंडात कापसाचे बोळे, हातापायांना घाम. डॉक्टरने त्याचं मन रमवावं म्हणून विचारलं, तुम्ही 'उसवलेली खोळ' ऐकली होती का हो? त्याने मान हलवली. मग विचारलं, आम्ही पुन्हा अल्बम काढला तर ऐकाल का? त्याने जोरात मान हलवली. आता तू मला सांग, हातात पकड घेतलेला माणूस समोर उभा असताना कोण नाही म्हणेल? मी असते तर मी स्वतः गायलाही तयार झाले असते. पण डॉक्टरने दाढ काढली, हात धुतले आणि चिरंजीवांना फोन केला की लोकांची मागणी आहे. एक लोक. तोही तोंड न उघडता येणारा. नाही, चुकले, तोंड न मिटता येणारा.

लंबूला बोलवायला वेळ लागला नाही. तो रंगांच्या दुकानात आहे. भिंतीच्या रंगांचे डबे यंत्रात घालून हलवतो, आणि तेच काम तो पूर्वी पेटीवर करत होता असं माझं मत आहे. तिघे ठरलेल्या दिवशी दुपारी आले. जिना तोच, लाकडी, अकरा पायऱ्यांचा. पूर्वी तीन-तीन पायऱ्या गाळून चढायचे, आता दर तीन पायऱ्यांना थांबून एकमेकांना 'काय मस्त दिवस होते' असं सांगत होते. दम लागलाय असं म्हणायची ही नवीन पद्धत. वर दाराशी ती आडवी तुळई आहे ना, लंबू पंधरा वर्षं तिच्याखालून वाकून यायचा. त्याला ती आठवली, तो वाकायलाही गेला, पण कंबर अर्ध्यावर अडली आणि कपाळ पुढे गेलं. मी आयोडीन लावलं. डॉक्टर बाजूला उभा राहून म्हणाला, मी दातांचा आहे काकू. चिरंजीवांनी गिटार गळ्यात घातली तर पट्टा पोटावरून खाली येईना. शेवटी मी गादीच्या काठाची पट्टी जोडून बोटभर वाढवून दिला. (हे लिहिताना तो हुं हुं करतोय. वीतभर लिही. बोटभर नाही.)

मग काम सुरू झालं. काम म्हणजे अल्बमचं नाव ठरवणं. पहिले तीन दिवस त्यातच गेले. लंबूला 'पुन्हा' हवं होतं, डॉक्टरला 'पुन्हा एकदा' आणि चिरंजीवांना 'पुन्हा पुन्हा'. यात फरक काय आहे हे तिघेही मला वेगवेगळं बसवून समजावून गेले. मी तिघांनाही म्हटलं, तुझंच बरोबर आहे. चौथ्या दिवशी गाणी निघाली. नवी गाणी कशावर आहेत ते ऐक. एक उरलेल्या केसांवर आहे, त्याला ते 'पानगळ' म्हणतात. एक कोलेस्टेरॉलवर आहे, पण शब्द असे लावलेत की प्रेमाबद्दल वाटावं, 'माझ्या रक्तात तू साठत गेलीस' वगैरे. आणि एक सरकारविरुद्ध आहे, ते मात्र जुनंच आहे, सरकार तेवढं नवीन. गाताना चिरंजीवांनी तोंड उघडलं की डॉक्टर वाजवायचं सोडून मान वाकडी करून आत बघतो. एकदा आलाप ऐन भरात आला होता, सूर चांगला लागला होता, आणि डॉक्टर म्हणाला, थांब, डावीकडची मागची दाढ किडलीय.

तुझ्या जागी त्यांनी एक डबी आणली आहे. हो, डबी. साबणाच्या डबीएवढी. तिच्यात हवा तो ठोका भरायचा, बटण दाबायचं, की ती वाजत राहते. डबी चहा पीत नाही, उलट बोलत नाही, 'दादा, तू बेताल गातोस' असं म्हणत नाही, तेव्हा पहिल्या दिवशी तिघेही तिच्यावर खूश होते. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की डबी थांबतही नाही. तू थांबायचीस. चिरंजीव ओळ विसरले की तू दोन ठोके जास्तीचे टाकायचीस, लंबू पान उलटायला अडला की तू तिकडे बघत हात हळू करायचीस, आणि डॉक्टर तर कायम तुझ्या पायाकडे बघून वाजवायचा. इतकी वर्षं हे तिघे समजत होते की आपण तालात आहोत. ताल बिचारा यांच्या मागे मागे पळत होता, तुझ्या हाताने. डबी कोणाकडे बघत नाही. ती ओळीच्या शेवटी पोचून उभी असते आणि हे तिघे अजून मधल्या शब्दाशी झोंबत असतात. मग म्हणायला लागले, डबीत भावना नाही. मी म्हटलं, भावना तुमच्यात आहे ना भरपूर? थोडी ताल म्हणून वापरा.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. दिवसभर मी खाली बसून उशांना अभ्रे शिवते आणि वरचा तमाशा फुकट ऐकते, म्हातारपणी आणखी काय पाहिजे. पण मग त्यांनी 'सातवी पायरी' काढली. जुन्या अल्बममधलं एवढं एकच गाणं लोकांना आठवतं, ते नव्या अल्बममध्ये नव्याने वाजवायचं असं ठरलं. तुला सांगायला नको, पण लिहिणाऱ्याला सांगायला हवं म्हणून सांगते. त्या गाण्यात ड्रमचे ठोके जिना चढल्यासारखे येतात, एक जड, एक हलका, एक जड, एक हलका, आणि मग मध्येच सगळं बंद. कोणी काही वाजवत नाही. मग पुन्हा जड, हलका. तर ते 'बंद' डबीत किती भरायचं यावर भांडण लागलं. लंबू म्हणाला चार ठोके, डॉक्टर म्हणाला सहा. जुनी सीडी लावून घड्याळाने मोजलं तर साडेतीन सेकंद भरले. साडेतीन सेकंद डबीत घातले तर गाणं थांबल्यासारखं वाटेना, वीज गेल्यासारखं वाटायला लागलं. लंबू तर एकदा उठून फ्यूज बघून आला. दोन दिवस तीन मोठी माणसं, त्यातला एक डॉक्टर, काहीही न वाजवण्यावरून भांडत होती. चिरंजीव म्हणाले, ती पोकळी आहे, पोकळी मोजायची नसते. डॉक्टर म्हणाला, मी रोज पोकळ्याच बुजवतो, मोजल्याशिवाय बुजवता येत नाहीत.

मी चहा घेऊन वर गेले होते. डॉक्टर वैतागून चिरंजीवांना म्हणाला, अरे गाणं तुझं आहे, तूच एकदाचं सांग ना मधे का थांबायचं ते. मी कप ठेवता ठेवता म्हणाले, त्याला कशाला विचारता, गाणं टिपरीचं आहे. आणि टिपरी, पोकळी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तिघांपैकी एकानेही मान वर केली नाही. डबी तेवढी टिकटिकत होती.

ते कव्हर तुला आठवत असेल. तुम्हा चौघांचा फोटो आणि खाली बारीक अक्षरं. अल्बम निघाला तेव्हा चिरंजीवांनी ते उलगडून चौकटीत घातलं आणि माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावलं. मी विचारलं होतं, यात कोणाकोणाची नावं आहेत? म्हणाला, सगळ्यांची आहेत आई. मी म्हटलं, बोट ठेवून वाच. त्याने वाचलं. डॉक्टर, लंबू, स्वतः, आणि शेवटी एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, 'सातवी पायरी', शब्द आणि चाल, टिपरी. मी ती ओळ लक्षात ठेवली, खालून तिसरी. त्यानंतर आठ दिवसांत तू काड्या पिशवीत घातल्यास, ड्रम इथेच टाकलास आणि काही न बोलता निघून गेलीस. मी म्हटलं, बघा, नाव छापून आलं आणि पोरीच्या डोक्यात हवा गेली. नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून माझ्याकडे वाढलीस, कापसाच्या गोणीवर झोपलीस, माझ्या रिकाम्या डब्यांवर टिपऱ्या मारून मला भंडावून सोडलंस, आणि एक नाव छापलं तर मावशी नकोशी झाली.

त्या चहाच्या वेळी, तिघांच्या माना खाली बघून मी नर्सबाईंना बोलावलं आणि खालून तिसरी ओळ वाचायला सांगितली. त्यांनी वाचली. मग मी म्हटलं, वरून वाचा, सगळं वाचा. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, छापखान्याच्या पत्त्यासकट. तुझं नाव एकदाच आलं, 'ड्रम' या शब्दापुढे. त्या तिसऱ्या ओळीवर मी दर आठवड्याला फडकं फिरवायचे. तुझ्यावर रागावलेली असायचे, तरी तेवढ्या ओळीवर हात आपोआप हळू व्हायचा, म्हणायचे, असू दे, पोरीचं नाव आहे. चौदा वर्षं मी याच्याच नावाची धूळ पुसत होते.

मी कारण विचारलं. चिरंजीव म्हणाले, छापखान्याच्या कागदावर रकाना एकच होता. म्हटलं, एकच होता तर त्यात तिचं नाव का नाही घातलंस? मला अक्षर येत नाही, पण बोलून बघ, तुझ्या नावापेक्षा तिचं नाव छोटं आहे, जागाही कमी लागली असती. डॉक्टर आणि लंबूला विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? तर म्हणाले, काकू, आम्हाला वाटलं, बहीण-भावांत काही ठरलं असेल. काय सोय आहे बघ. ठोका चुकला तर दोन दिवस भांडतील, आणि हे चुकलं तर 'घरातलं असेल' म्हणून चौदा वर्षं गप्प. चहा मी तसाच परत खाली आणला. एकालाही दिला नाही.

(पेन थांबलं आहे. मी त्याला म्हटलं, खरं कारण सांग आणि सांगशील ते लिही. तो खिडकीबाहेर बघतो आहे. बघू दे. मला कुठे जायचं नाही. ... आता म्हणतो आहे की त्याने त्या अल्बमसाठी नऊ गाणी केली होती, आणि कार्यक्रम संपल्यावर लोक येऊन त्या दहाव्याबद्दलच विचारायचे. एकदा कोणीतरी त्याचं समजून त्याचा हात हातात घेतला आणि डोळे पुसले, तेव्हा त्याच्याने नाही म्हणवलं नाही. छापखान्याचा कागद दुसऱ्याच दिवशी समोर आला. म्हटलं, लिही हे. लिहिलं आहे म्हणतो. नर्सबाई वाचतील तेव्हा कळेलच.)

आता माझं ऐक. त्याचं जे आहे ते आहे, तो त्याचं निस्तरेल. माझंही आहे. तू गेल्यावर दोनदा आली होतीस. खाली दारात उभी राहिलीस आणि दोन्ही वेळा तुला हा सांगत आला की आई झोपली आहे. झोपले नव्हते. मीच तसं सांगायला लावलं होतं. पलंगावर त्या चौकटीकडे तोंड करून पडले होते आणि तुझा आवाज ऐकत होते. दुसऱ्या वेळी तू बराच वेळ थांबलीस, विचारलंस, मी आत येऊन नुसती बसू का? मी हाताने खूण केली, नको म्हण. तू सांगायलाच आली असशील. तुला वाटलं असेल, मावशीला सगळं ठाऊक आहे, भिंतीवर टांगून ठेवलंय, आणि तिने मुलाची बाजू घेतली. मला वाटत होतं तुला गर्व झालाय. मला वाचता येत नाही त्याला इलाज नाही, बाई, पण ऐकता येत होतं. मी ऐकलं नाही. याला काय म्हणायचं ते तू म्हण, मी गाढव म्हणते. (हे मात्र त्याने न अडखळता लिहिलं.)

तेव्हापासून 'उसवलेली खोळ' खरोखरच उसवली आहे. डॉक्टर दाढा काढतो आहे, लंबू डबे हलवतो आहे, फोन केला की दोघेही कामात आहेत म्हणून सांगतात. चिरंजीव रोज दुपारी वर जाऊन गाद्यांच्या थप्पीवर बसतात, गाणं नाही की बोलणं नाही. एकदा मी वर जाऊन त्याला ती पोकळी समजावून सांगितली. गाणं केलंस तेव्हाच तू मला सांगितलं होतंस ना, की मावशी, हे तुझं जिना चढणं आहे. पाय मोडून हाड वाकडं बसलं तेव्हापासून माझा एक पाय जड आणि एक हलका, आणि डोक्यावर कापसाची गोणी असली की सातव्या पायरीवर मी दम खायला थांबायचे. तू वर बसून डब्यावर माझ्याबरोबर ताल धरायचीस आणि मी थांबले की तूही थांबायचीस. मी म्हटलं, अरे शहाण्या, ती पोकळी साडेतीन सेकंदांची नव्हती, बारा किलो कापसाची होती. जास्त ओलसर कापूस असला की जास्त वेळ. डबीला कुठून कळणार? शिवाय आता मी पाचवीवरच थांबते आणि नववीवर पुन्हा थांबते, तेव्हा नव्याने वाजवायचंच असेल तर आधी गाणंच दुरुस्त करायला हवं.

एवढं सगळं लिहिलं म्हणून तू लगेच धावत यावंस असं माझं मुळीच म्हणणं नाही. तुला दुकान आहे, घर आहे, लोकांचे कान वाट बघत असतात. अल्बम निघाला नाही तर जगाचं काही अडत नाही, एका पेशंटची थोडी निराशा होईल, पण तो म्हणे दुसऱ्या डॉक्टरकडे जायला लागला आहे. तू रागावली असशील तर रागाव, तो तुझा हक्क आहे, आणि चांगला चौदा वर्षं मुरलेला राग आहे, उगाच घाईने टाकून देऊ नकोस. घरातल्या लहानमोठ्यांना माझे आशीर्वाद सांग. त्यांनी विचारलं ही कोण, तर काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझी,
झोपेचं सोंग घेतलेली मावशी
(सहीच्या जागी अंगठा आहे. तो तरी माझा स्वतःचा आहे, त्यात कोणाला फेरफार करता आला नाही.)

ता. क. चौकट मी काढायला लावली आहे. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा दिसतो, बाकी भिंत पिवळी. राहू दे तसाच. चिरंजीव म्हणतात की नव्या अल्बमवर 'सातवी पायरी'पुढे तुझं नाव येईल, आणि जुन्याबद्दलही आत स्वच्छ छापतील की ते तेव्हाही तुझंच होतं. तू नको म्हणालीस तर ते गाणं घेणार नाहीत. हे त्याने माझ्यासमोर डॉक्टर आणि लंबूला फोनवर सांगितलं, आणि मग म्हणाला, आई, हे पत्रात तू घाल. म्हटलं, पत्रात मी घालते, तोंडाने तू सांग.

ता. क. दुसरा. नर्सबाईंनी सगळं वाचून दाखवलं. एकच शब्द बदललेला निघाला, पट्टा वाढवला ते 'बोटभर' लिहिलं होतं. सोडून दिलं. पण छापखान्याचा भाग जसाच्या तसा होता, उलट मी सांगितलं नव्हतं असं एक वाक्य त्यात जास्तीचं होतं. नर्सबाईंनी ते दोनदा वाचलं. मी ते काढायला लावलं आहे. ते वाक्य त्याचं आहे, माझ्या पत्रातून फुकट जायला नको. म्हणून हे पत्र टपालाने येणार नाही. लिहिणाराच घेऊन येणार आहे. (आत्ता हे ऐकून त्याची पाठ पुन्हा दुखायला लागली.) तो तुझ्या दारात उभा असेल. तू सावकाश वाच. आत घ्यायचं की नाही ते वाचून झाल्यावर ठरव. तू झोपली आहेस असं सांगायला लावायचं असेल तर लाव, तुझी पाळी आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. उत्तर लिहून पाठवू नकोस, नर्सबाई दर वेळी सापडतातच असं नाही. याच्या हाती तर अजिबात देऊ नकोस. हो म्हणायचं असो, नाही म्हणायचं असो, किंवा चौदा वर्षांचं एकदम सुनवायचं असो, इथे येऊन जिन्याखालून ओरडलीस तरी चालेल. तू लिहिलेलं मला वाचून कोण दाखवणार, ते तुला ठाऊक आहे.